माझे वरचे चाळीस फूट

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही मला मनोरा म्हणणार नाही. पत्र्याच्या शेडमागे गवतात दहा-दहा फुटांचे नऊ तुकडे आडवे पडले आहेत, तेवढाच मी उरलो आहे. पण मी उभा होतो, चांगला बावीस वर्षं उभा होतो. आणि मी का पडून आहे हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका कारखान्यात झाला. तीन पोलादी नळ्या, त्यांच्यामध्ये नागमोडी सळ्या, वरून जस्ताचा मुलामा. मालमोटारीत पडून मी नेब्रास्कातल्या डोलनी या चेक वस्तीच्या गावी आलो. तिथे एल्डन व्होंड्रा नावाचा हौशी रेडिओवाला राहत होता. दिवसभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचा. त्याने माझे पाच तुकडे एकावर एक चढवले, तिन्ही बाजूंनी तारांनी ताणून बांधले आणि डोक्यावर अँटेना बसवली. मी पन्नास फुटांचा झालो.

माझ्या पश्चिमेला अर्ध्या मैलावर, मक्याच्या शेतापलीकडे, गावच्या रेडिओ केंद्राचे तीन खांब होते. त्यांचा यंत्रज्ञ गिल्बर्ट पोस्पिशिल हा एल्डनचा शाळेपासूनचा दोस्त. मी उभा राहिलो त्या दिवशी तो फूटपट्टी आणि कागद घेऊनच आला होता.

"पन्नास ना? मग हरकत नाही," गिल्बर्ट म्हणाला. "पण पुढे वाढवायचा झाला तर महिनाभर आधी मला लेखी कळवायचं. नियम आहे."

"अरे, तुला काय लेखी कळवायचं? तू रोज माझ्याकडे कॉफी ढोसायला येतोस!"

"कॉफीत सांगितलेलं मोजमापात धरत नाहीत."

दोघं खूप हसले. आर्डिथने, म्हणजे एल्डनच्या बायकोने, खसखस भरलेल्या कोलाचची, म्हणजे गोड पावांची, परात माझ्या पायाशी आणून ठेवली. किती चांगले दिवस होते ते! शाळेची पोरं मला बघायला यायची. वादळात टेलिफोन बंद पडले तेव्हा तीन दिवस माझ्यावरूनच निरोप गेले, आणि गावाने एल्डनच्या पाठीवर थाप मारली. मीही मनातल्या मनात फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग आर्डिथ विसरायला लागली. आधी चुलीवरचं भांडं, मग शेजाऱ्यांची नावं, मग एल्डनचं नाव. शेवटी तिला वीस मैल पूर्वेच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मी तिथे कधी गेलो नाही. पण एल्डन रोज संध्याकाळी हवेतून कुणाकुणाला सांगायचा आणि ते सगळं माझ्या अंगावरून जायचं, म्हणून मला ठाऊक आहे.

आर्डिथ तरुणपणी गावच्या नाचघरात अकॉर्डियन वाजवायची. तिचं सगळं गेलं, पण दुपारी साडेबाराला केंद्रावर पोल्का, म्हणजे त्या नाचाची धून, लागली की तिची बोटं पांघरुणावर बटणं शोधत फिरायची. तेवढ्या वेळात मार्सी नावाची परिचारिका तिला जेवण भरवायची. एरवी ती तोंड मिटून घेई. एल्डनने एकदा त्याच सुरांची टेप नेली, तर आर्डिथने यंत्र ढकलून दिलं. तिला आधी डुकरांचे बाजारभाव लागत, मग गावात कोण वारलं ते, मग निवेदकाचा तो रोजचा चेक भाषेतला रामराम, आणि मगच पोल्का. त्यात काही कमी झालेलं तिला चालत नसे.

घरात एल्डन एकटा पडला. रेडिओ हीच त्याची सोबत. पण भोवतालची झाडं माझ्या डोक्यावर गेली होती आणि लांबचे आवाज येईनासे झाले होते. एका वसंतात त्याने आणखी चार तुकडे मागवले. कॉफी पिताना एका सोबत्याने विचारलं, "गिल्बर्टला कळवलंस का रे?"

"तो ओमाहाला गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय. आला की फूटपट्टी घेऊन डोकं खाईल. तोवर उरकून टाकू," एल्डन डोळा मारून म्हणाला.

मित्रांनो, तो डोळा मारला तिथेच सगळं चुकलं. आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला! शनिवारी सात-आठ हौशी रेडिओवाले जमले, दोर ओढले, बीअर प्यायले, आणि मी नव्वद फुटांचा झालो. वरून मला तीन खांबांपलीकडची शेतं दिसली. मी त्या खांबांकडे तोऱ्यात पाहिलं, मूर्खासारखा.

एल्डन उंची फुटांत मोजत होता. रेडिओ केंद्राच्या लेखी उंची मोजायची ती त्यांच्या रेडिओ-लाटेच्या लांबीने. पन्नास फूट त्या लाटेपुढे काहीच नव्हते, नव्वद फूट मात्र बरंच काही होते. ती लाट माझ्या अंगात शिरू लागली आणि मी ती पुन्हा बाहेर फेकू लागलो. माझी लाट आणि त्यांची लाट पूर्वेकडे एकमेकींना खाऊन टाकू लागल्या. मला काही जाणवतही नव्हतं. मी नुसता उभा होतो.

जूनमध्ये मार्सीचा फोन आला. "मिस्टर व्होंड्रा, रेडिओ नुसता खरखरतोय. आजी जेवत नाहीत."

एल्डनने नवा रेडिओ नेला. मग आणखी एक नेला. खिडकीत तार लावली, वृद्धाश्रमाच्या दिव्यांना दोष दिला. शेवटी त्याने गिल्बर्टलाच फोन करून झापलं. "तुझं केंद्र म्हातारं झालंय! माझी बायको उपाशी राहतेय आणि तू गुडघा कुरवाळत बसलायस!"

बिचारा गिल्बर्ट काठी टेकत उठला. मोजायचं यंत्र घेऊन आठवडाभर शेताशेतातून फिरला आणि ऑगस्टच्या एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मान वर केली आणि एक एक तुकडा मोजला.

"एल्डन, हा नव्वद कधी झाला?"

"मे महिन्यात. का?"

"मला कळवलं नाहीस."

"हौशी लोकांना कसली आलीय परवानगी? तो नियम मोठ्या कंपन्यांच्या मनोऱ्यांसाठी आहे. पुन्हा वाच."

"मी वाचलाय. तूही वाचलायस. नियमाचं जाऊ दे, माझ्या केंद्राचा पूर्वेकडचा आवाज बसलाय तो बघ ना! हा नकाशा बघ. मी याच्या अंगावरून तारा सोडून देतो, याला माझ्या लाटेपुरता बहिरा करतो. तुला काही करायला नको."

"माझ्या मनोऱ्याला हात लावायचा नाही! बावीस वर्षं उभा आहे तो. तुझ्या खांबांत बिघाड आहे आणि खापर माझ्यावर फोडतोस?"

"अरे, नुसता बघ तरी..."

"चालता हो, गिल्बर्ट."

गिल्बर्टने नकाशाची घडी केली, माझ्या सळ्यांमध्ये खोचली आणि लंगडत निघून गेला. तो कागद सहा आठवडे माझ्या पायाशी होता. एल्डन रोज त्याच्या शेजारून जायचा. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो, मित्रांनो. पण तोवर मलाही ठाऊक नव्हतं त्यावर काय आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मार्सीचा पुन्हा फोन आला. एल्डन अंगणात येऊन माझ्या नळीला धरून उभा राहिला. आर्डिथचं वजन फार उतरलं होतं, ती आता डोळेही क्वचित उघडत होती. उभ्या उभ्या त्याचं लक्ष त्या कागदाकडे गेलं. पावसाने शाई पसरली होती, तरी दिसत होतं. नकाशावर केंद्राच्या आवाजाचा गोल होता, आणि पूर्वेला, माझ्या सरळ रेषेत, त्याला मोठा खड्डा पडला होता. खड्ड्याच्या मधोमध वृद्धाश्रमाचं गाव होतं.

एल्डनने त्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. "मीच," तो म्हणाला. "अगं आर्डिथ, मीच गं."

त्याने गिल्बर्टला फोन केला. गिल्बर्ट आला तो हातमोजे घालूनच. एका शब्दानेही त्याने टोचलं नाही. वरचे चार तुकडे उतरल्यावर तो म्हणाला, "बस. पन्नासला काही होत नाही."

"सगळा उतरव."

"अरे, पण तुझा रेडिओ?"

"सगळा उतरव म्हणतो ना!"

सत्तरी उलटलेली दोन माणसं, त्यात एकाचा गुडघा नवा. अंधार पडायच्या आत त्यांनी मला जमिनीवर आणलं.

दुसऱ्या दिवशी दोघं वृद्धाश्रमात गेले. परतल्यावर ते माझ्या तुकड्यांवर येऊन बसले, म्हणून पुढचंही मला कळलं. आवाज पूर्वीसारखा आला होता, अगदी स्वच्छ. डुकरांचे भाव आले, वारलेल्यांची नावं आली, रामराम आला, पोल्का सुरू झाला. आर्डिथची बोटं हलली नाहीत. एल्डनने तिचा हात हातात घेऊन तिची बोटं पांघरुणावर एकेक करून टेकवली. त्याने हात सोडला की बोटं तिथेच पडून राहायची.

"उद्या हलतील," गिल्बर्ट म्हणाला.

"रोज जाईन मी," एल्डन म्हणाला.

तो रोज जातो. बर्फ पडलं तरी जातो. पाच महिने झाले. बोटं हलली असती तर तो मला येऊन सांगितल्याशिवाय राहिला नसता.

मला भंगारात द्यावं असं लोक म्हणतात. एल्डन देत नाही, आणि उभाही करत नाही. माझ्यावर पालापाचोळा साचतोय, गंज धरतोय. माझी काही तक्रार नाही. मी कुणाला मारलं नाही, काही पाडलं नाही, नुसता चाळीस फूट वाढलो. आणि एका बाईच्या दिवसातला जेवणाचा तेवढा एक तास मी खाल्ला.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. काही उंच बांधायला घ्याल, तेव्हा आधी शेजाऱ्याकडे जा आणि विचारा. तो घरी नसेल, दवाखान्यात असेल, तर त्याची वाट बघा. तो फूटपट्टी घेऊन येईल, डोकं खाईल, खाऊ द्या. त्याने कागद दिला तर तो त्याच दिवशी उघडून बघा. सहा आठवड्यांनी बघू नका, बाळांनो. सहा आठवड्यांनी नका बघू.