जुन्या सालात जागं झालेलं मशीन

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. पण तिला ठकी म्हणणारं एक माणूस या जगात होतं आणि गोष्ट त्या माणसाचीही असल्यामुळे आपणही तिला ठकीच म्हणू. केस अर्धे पिकले, चष्म्याचा नंबर चढला, हाताखाली माणसं आली, तरी ठकी ती ठकीच.

ठकीचं काम म्हणजे परक्यांच्या घरांवर पहारा बसवणं. इंटरनेटवरून कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावरूनच हाकलायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला फायरवॉल म्हणतात. ते ती आपल्या खोलीत बसून कुठल्या कुठल्या गावातल्या मशीनवर चढवायची. या कामात एक गंमत आहे. आपण ज्या दारातून आत शिरलो, त्याच दाराची कुलपं आपल्याला बदलायची असतात, आणि तीही आत बसून नव्हे, दूरवरून. एक नियम उलटा पडला की आपलंच मशीन आपल्याला ओळख दाखवत नाही. या धंद्यात असं एकदाही झालं नाही असं सांगणारा माणूस थापा मारतो, असं खुशाल समजावं.

त्या दुपारी ठकीसमोर जे मशीन होतं ते डोंगरावरच्या एका शुश्रूषागृहातलं होतं. मशीन कसलं, म्हातारबाच! कचेरीच्या टेबलामागच्या कपाटात वर्षानुवर्षं घरघरत बसलेलं. त्याच्यावरचं जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं आणि चोरांना त्यातल्या सगळ्या फटी पाठ झाल्या होत्या. बाकीच्या इंजिनिअरांनी हात वर केले. नवीन मशीन घ्या म्हणाले, याला हात लावला तर हे प्राण सोडेल. ठकी म्हणाली, मी करते. कारण त्याच शुश्रूषागृहात तिची मावशी राहत होती.

मावशीने तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ठकीला धड वेणीही घालता येत नव्हती. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, कानाला यंत्र लावून दिवसभर या गावाची वायर त्या गावाच्या भोकात खोचायची आणि माणसांना माणसं जोडून द्यायची. आता तीच मावशी आपल्याच आयुष्यात मागे मागे सरकत गेली होती. हल्ली ती बहुतेक वेळ त्या एक्स्चेंजच्या दिवसांतच असायची. शुश्रूषागृहातला टेलिफोन वाजला की धावत जाऊन तीच उचलायची. नर्सबाई वैतागून म्हणायच्या, "तुमच्या मावशी आम्हाला फोनपाशी फिरकू देतील तर शपथ!"

रोज दुपारच्या चहानंतर ठकी तिला व्हिडिओ कॉल करायची. मावशी आधी परक्या नजरेने बघायची. मग ठकीचा रोजचा पाठ सुरू व्हायचा. "मावशी, मी ठकी. हे बघ, चष्मा लागला मला. केस बघ. ते साल गेलं गं, आता मी मोठी झालेय." असं समजावता समजावता कधीतरी मावशीचा चेहरा उजळायचा आणि ती म्हणायची, "अगं बाई, ठके! किती वाळलीस!" या एका वाक्यावर ठकीचा दिवस तरून जायचा. मागे वादळात तिथली लाइन पडली आणि कॉल चुकले, तर ते वाक्य पुन्हा ऐकायला ठकीला कितीतरी दिवस झुरावं लागलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, चेहरा रोज दिसला पाहिजे; पुढच्या खेपेला गेलेली ओळख परत येईलच असं नाही.

तो रोजचा कॉलही याच मशीनमधून जायचा, म्हणून तिने दुपारची वामकुक्षीची वेळ निवडली. शुश्रूषागृह झोपलेलं असतं, लाइन कुणी वापरत नाही, चहापर्यंत काम हातावेगळं होतं. तिच्या खोलीतही दुपार लोळत होती. पडद्यातून आलेलं ऊन टेबलावर सांडलं होतं, शेजारच्या घरात कुणीतरी कपडे धुण्याचं मशीन लावलं होतं आणि त्या आवाजाने तिचेही डोळे जड होत होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. अर्ध्या झोपेत तिला ते कपाट दिसलं, त्यातला गरम अंधार, धुळीचा वास, अंगावर येऊन बसलेलं नवं सॉफ्टवेअर आणि खाली कुरकुरणारा म्हातारबा. त्याला थोपटावं असं तिला वाटलं.

सावधगिरी म्हणून तिने मशीनला एक हुकूम देऊन ठेवला होता. या धंद्यात सगळेच देतात. 'पावणेचार वाजेपर्यंत मी आत येऊन सगळं ठीक आहे असं सांगितलं नाही, तर मुकाट्याने जुनं सॉफ्टवेअर परत बसव.' म्हणजे दार बंद झालंच तर मशीन आपणहून ते उघडणार. एवढं करून तिने मशीनला झोपवलं. आता ते नव्या सॉफ्टवेअरनिशी जागं होणार होतं.

ते जागं झालं नाही. निदान ठकीला तरी कळलं नाही. तिचा कॉम्प्युटर दर क्षणाला तिकडे हाक मारत होता, आणि तिकडून ओ येत नव्हती. तिने डोक्यावर बर्फ ठेवला. पावणेचार वाजू देत, ते परत येईल. ती उन्हाचा कवडसा टेबलावरून सरकताना बघत राहिली. पावणेचार वाजले, वाजून गेले. तिकडे चिडीचूप.

आणि मग तिला घड्याळ आठवलं. म्हातारबाच्या पोटातल्या घड्याळाचा सेल कधीचाच मेला होता. दर वेळी जागं झालं की ते आपल्या जन्माच्या सालात जागं व्हायचं, आणि मग बाहेर इंटरनेटवर कुणालातरी वेळ विचारून आजच्या दिवसात यायचं. आज बाहेरचा रस्ताच बंद. म्हणजे ते मशीन आत्ता कुठल्यातरी जुन्या सालात बसून आजच्या पावणेचारची इमानेइतबारे वाट बघत होतं. ती वाट पुरी व्हायला मशीन बनल्यापासून आजवर गेली तेवढी वर्षं पुन्हा जायला हवी होती. दुसऱ्या कुणी असा घोळ घातला असता तर ठकीने त्याची सालटी काढली असती. आता स्वतःची काढायलाही सवड नव्हती.

रस्ता का बंद, तेही तिने हुडकलं. त्या जातीच्या जुन्या मशीनला मागे चार भोकं असतात. नव्या सॉफ्टवेअरने ती दुसऱ्या टोकाकडून मोजली असणार, त्यामुळे वायरी होत्या त्या भोकांकडे ते ढुंकून बघत नव्हतं आणि रिकाम्या भोकांपाशी हाकेची वाट बघत होतं. तिथे जाऊन दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या की झालं. पण तिथे जाणार कोण? व्यवस्थापक गाद्या आणायला शहरात गेले होते, उद्याशिवाय येणार नव्हते आणि मोबाइल उचलत नव्हते. नर्सबाई एकट्या, त्यांच्या मोबाइलला डोंगरावर रेंज नाही. उरला कचेरीतला साधा टेलिफोन. तो या मशीनवर अवलंबून नव्हता.

तिने नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"नमस्कार. बोला, कुठला नंबर जोडून देऊ?"

आवाज कोवळा वाटला, कामातला, टापटिपीचा. ठकीने हा आवाज फक्त लहानपणी ऐकला होता, मावशीला डबा द्यायला एक्स्चेंजमध्ये जायची तेव्हा.

"मावशी, मी ठकी! नर्सबाईंना बोलाव ना जरा."

"नर्सबाई वरच्या मजल्यावर कामात आहेत. निरोप असेल तर सांगा, देते मी."

"अगं, मी ठकी बोलतेय!"

"कसं शक्य आहे, बाई?" मावशी हसली. "ठकी आता शाळेत असेल. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ठेवू का? दुसऱ्या लाइनी खोळंबल्यात."

रोज ठकी मावशीला हाताला धरून आजच्या दिवसात ओढून आणायची. पण ते चेहरा दिसायचा म्हणून जमायचं. नुसत्या आवाजाने जमणार नव्हतं, आणि मावशीने फोन ठेवला तर आजचा चेहराही गेला. तिने डोळे मिटले. समोर तो भलामोठा लाकडी बोर्ड दिसला, शेकडो भोकं, लोंबणाऱ्या वायरी, आणि रांगेत पाठ ताठ ठेवून बसलेल्या बायका. कधी नव्हे ते ती मावशीला ओढायला न जाता स्वतःच तिकडे निघाली.

"ठेवू नका, बाई," ती म्हणाली. मावशीला 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळली. "मी मोठ्या एक्स्चेंजमधून बोलतेय. तुमच्याकडची एक लाइन पडलीय."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुठला बोर्ड?"

"तुमच्या मागे कपाट आहे. त्यात काळी पेटी आहे, घरघर करणारी. तिच्या मागच्या बाजूला चार भोकं आहेत. त्यातल्या दोहोंत वायरी आहेत."

त्या वायरींनी शॉक बसत नाही हे ठकीला पक्कं ठाऊक होतं, तरी तिचा जीव टांगणीला लागला होता. फोनची दोरी ताणल्याचा, दार करकरल्याचा आवाज आला. मग थेट कानात म्हातारबाची घरघर. इतकी वर्षं त्याला सांभाळलं, पण त्याचा आवाज ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"दिसलं. धूळ किती ही! तुमचे साहेब बघत नाहीत वाटतं," मावशी म्हणाली. "डावीकडून पहिल्यात पिवळी, दुसऱ्यात निळी."

"पिवळी काढा आणि उजवीकडच्या शेवटच्या भोकात घाला. निळी तिच्या शेजारी."

"पिवळी शेवटी, निळी शेजारी," मावशीने म्हणून दाखवलं. टक् असा आवाज झाला, मग पुन्हा टक्. "बसल्या. हिरवा दिवा लुकलुकतोय. थांबा बरं, लाइन खरंच लागली का बघून सांगा. तोवर मी जागची हलत नाही."

पडद्यावर ओ आली. एकामागून एक, रांगेने. ठकीच्या जिवात जीव आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तशातच तिने आत शिरून आधी तो पावणेचारचा हुकूम रद्द केला, नाहीतर वेळ लावताक्षणी मशीनने सगळं केलेलं काम पुसून जुनं परत बसवलं असतं. मग घड्याळ लावलं. एका ओळीच्या हुकमावर मशीन इतकी वर्षं ओलांडून आजच्या दुपारी आलं, कुरकूरही न करता.

"लागली, बाई," ती म्हणाली. "छान काम केलंत."

"त्यात काय एवढं! पण एक सांगते, मोठ्या एक्स्चेंजमधून बोलताय म्हणून. ती बदलीची गोष्ट पुन्हा काढू नका. मोठी जागा असेल, मान असेल, पण मला रात्रपाळी जमणार नाही. घरी माझी पोर आहे."

ठकीला हे काहीच माहीत नव्हतं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

"बहिणीची ना ती?" तिने हळूच विचारलं.

"माझी आहे," मावशी म्हणाली. आवाजात थोडा राग होता. "लोक म्हणतात, परक्याचं ओझं कशाला वाहतेस. त्यांना काय कळतंय? दिवसभर मी दुसऱ्यांची माणसं जोडून देते. संध्याकाळी घरी गेले की ती पायरीवर बसलेली असते. मला बघितलं की उठून उभी राहते. तेवढ्यासाठी मी जगते हो."

इतक्यात तिकडे गडबड ऐकू आली. नर्सबाई जिना उतरत ओरडत होत्या, "अहो आजी, कपाटात काय करताय?" ठकीने त्यांना फोनवर घेऊन सगळं सांगितलं. जीव भांड्यात पडल्यासारख्या त्या हसल्या, आणि कॉलची वेळ होऊन गेलीच होती म्हणून त्यांनी मावशीला तिथेच खुर्चीत बसवून समोर टॅबलेट ठेवला.

पडद्यावर मावशीचा चेहरा आला. नाकाला धूळ लागली होती. गाल कष्टाने लाल झाले होते. तिने ठकीकडे बघितलं, चष्मा बघितला, पांढरे केस बघितले. ठकीच्या ओठांवर रोजचा पाठ तयार होता. मावशी, मी ठकी, ते साल गेलं. आज बोलली असती तर ओळख पटली असती की नाही, कोण जाणे. कदाचित पटली असती. पण त्यासाठी मावशीला त्या पायरीपासून उचलून इथे आणावं लागलं असतं, जिथे ती म्हातारी होती आणि पायरीवर कुणी नव्हतं.

"मघाच्या बाई तुम्हीच ना?" मावशीने विचारलं. "आवाज तोच आहे."

"हो, मीच."

"लाइन टिकली का?"

"टिकली."

"मग मी निघते हं. शाळा सुटली असेल. मी गेल्याशिवाय आमची ठकी घासाला शिवत नाही." ती खुर्चीतून उठायला लागली, आणि अर्ध्यात थांबून परवानगीसाठी ठकीकडे बघत राहिली.

"निघा, मावशी," ठकी म्हणाली. "ती बसलीय पायरीवर."

मावशी घाईघाईने शाल सावरत पडद्याबाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. ठकीने कॉल बंद केला नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत ती बसून राहिली, आणि मग, आपल्याकडेच कुणीतरी यायला निघालंय म्हटल्यावर माणूस उठतं तशी, उठून उभी राहिली.