बंद मशीनचा चालू दिवा

कोठीवजा खोलीच्या दाराशी ही गर्दी. रिपोर्टसाठी ताटकळलेले पेशंट, सुया-बाटल्या तशाच टाकून आलेल्या आमच्या मुली आणि त्यांच्या मागे टाचा उंचावून खुद्द डॉक्टर मॅडम. आत आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचा सर्व्हर गार पडलेला, आणि त्याच्यावर उजवा हात ठेवून, डोळे मिटून महागुरू उभे. डावा हात कोटाच्या खिशात.

"श्वास घे बाळा," ते मशीनला म्हणाले.

मग पंखे घरघरले, दिवे लागले. एका आजोबांनी चक्क हात जोडले. मी या लॅबचा हिशेबनीस, सगळे मला मामा म्हणतात. हा खेळ मी पहिल्यांदा बघत नव्हतो, आणि दर वेळी माझ्या कपाळावर आठी पडत होती.

महागुरू म्हणजे हा सर्व्हर बसवून देणारा माणूस. गळ्यात सर्टिफिकेटांची इतकी कार्डं की वाकला की खुळखुळायचा. कॉम्प्युटरच्या परीक्षांचे क्लास घ्यायचा. विद्यार्थी पास झाला की गुरुकृपा, नापास झाला की त्याच्या मनाची कंपनं कच्ची. "यंत्राला माणूस कळतो. काही हात यंत्राला सोसत नाहीत," असं म्हणून तो हळूच माझ्या भाचीकडे बघायचा.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सर्व्हरची देखभाल तिच्याकडे. लॅब उघडली की लगेच आत जाऊन रात्रीचा बॅकअप नीट झालाय का बघायचं, हा नियम महागुरूनंच घालून दिलेला. हल्ली ती आत गेली की मधूनच सर्व्हर बंद पडायचा. रोज नाही, पण पडायचा तेव्हा आत तीच. महागुरूनं तिला खोलीत यायला बंदी केली आणि बघता बघता सर्व्हर सुतासारखा सरळ झाला. झालं, आणखी काय पुरावा हवा? मुली तिच्या हातून कागदसुद्धा घेईनात. महागुरूकडे तिच्या जागेसाठी एक शिष्य तयार होता आणि वर्षाच्या देखभालीचं कंत्राटही. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की महिनाअखेरीस तिला निरोप द्यावा लागेल.

त्यात बहिणीचा फोन. पोरगी घरात मिक्सरसुद्धा लावत नाही, माझा हात नको म्हणते. माझं टाळकंच सरकलं. मी भाचीला फैलावर घेतलं, तू शिकलेली ना, म्हटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, मला हे पटत नाही. पण भीती वाटते. दर वेळी आत मीच होते, हे तर खरं आहे ना?"

माझं ओरडणं तिथंच थांबलं.

ती स्वतः सर्व्हरची सर्टिफिकेट परीक्षा देत होती. एकदा नापास झालेली, तरी पुस्तक सोडलं नव्हतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेच पुस्तक घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. सर्व्हर बंद पडला तरी त्याच्या मागे एक बारका दिवा लुकलुकत असतो, हे तिनं आधी पाहिलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. अशा मशीनला एक वेगळी, बारीक वायर असते, दिवा तिचाच. तिच्यातून कुठूनही, अगदी फोनवरूनसुद्धा, मशीन बंद करता येतं आणि पुन्हा चालूही करता येतं. त्याचा पासवर्ड फक्त महागुरूकडे होता. चल मॅडमकडे, मी म्हटलं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, ती म्हणाली. म्हणून आम्ही परीक्षाच घ्यायची ठरवली, महागुरूची.

तिच्या पेपरच्या दिवशी ती रजेवर होती. सकाळी मी मॅडमना समोर बसवलं, फक्त ऐका म्हणालो, आणि महागुरूला फोन लावला. रडवेल्या आवाजात सांगितलं की पोरगी ऐकत नाही हो, आत्ताच खोलीत शिरलीय. फोन ठेवला. समोरचा चहा निवायच्या आत सर्व्हर बंद. मॅडमचा चेहरा उतरला. मी जाऊन ती बारीक वायर उपसून ठेवली.

महागुरू आला, गर्दी जमली. "पडली ना शेवटी तिची सावली?" तो म्हणाला.

"ती आज आलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या.

तो चपापला, पण हात ठेवला, डोळे मिटले, श्वास घे म्हणाला. बाळानं श्वास घेतला नाही. खिशातला हात नुसता वळवळत होता. सगळ्यांदेखत मी वायर पुन्हा जोडली आणि त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला. हातात फोन, फोनवर एक बटण.

"मॅडम, तुम्ही दाबा," मी म्हटलं. "तुमच्याकडे तर यातलं एकही सर्टिफिकेट नाही."

त्यांनी दाबलं. थोड्या वेळानं पंखे घरघरले. पोरगी कधी आत जाते ते त्याला ठाऊक असायचं, कारण नियमच त्याचा. महागुरू खुळखुळत निघून गेला.

दुपारी भाची आली, पास होऊन; त्या परीक्षेचा निकाल तिथल्या तिथे कॉम्प्युटरवरच लागतो. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. पासवर्ड बदलायला सांगून खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली. तिनं सगळं चोख केलं. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला.

"मामा, तुम्ही दाबा ना," ती म्हणाली.

ज्या पोरीनं लबाडी शोधून काढली, तिचंच हे बोलणं. मला संताप आला, महागुरूचा नव्हे, आमचा. फसवणारा एकटा होता, आम्ही लॅबभर माणसं होतो. रोज रक्ताचा थेंब थेंब तपासून मगच रिपोर्ट देणारी. एका पोरीला पांढऱ्या पायाची ठरवताना मात्र कुणाला काही तपासावंसं वाटलं नाही. बाबांनो, कुणावर ठपका ठेवायच्या आधी एकदा मशीनच्या मागे जाऊन बघा, एक साधा प्रश्न विचारा. आम्हाला तर एक फोन पुरला. तो वेळेवर केला असता, तर परीक्षा पास झालेली ही पोर स्वतःच्याच हाताला घाबरून तिथे उभी राहिली नसती.