कापलेलं नाव

चंदेरी कागदाचा तुकडा कितीही फिरवला तरी अक्षरं तेवढीच — ‘रिन’. बाकीचं नाव आईच्या कात्रीने खाल्लं होतं. आईची ही जुनीच खोड: गोळ्यांची स्ट्रिप घरात आली रे आली की कापून तुकडे करायचे, एक पर्समध्ये, एक डब्यात, एक लेकीच्या पोहण्याच्या पिशवीत... नाक चोंदलंय ना, घे मुकाट्याने. आणि ही बया खरंच मुकाट्याने घेऊन मोकळी झाली, परवा सकाळी, अर्धवट झोपेत.

आता गळ्यात पदक, केस ओले, आणि ही बिनखिडकीची खोली. पाण्याची तिसरी बाटली संपत आली तरी लघवीचा पत्ता नाही. समोर उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीच्या बाई, टेबलावर फॉर्म. मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं — तिथेच सगळं अडलं होतं.

सर्दीच्या काही गोळ्यांत बंदी असलेलं औषध असतं, हे तिला पाठ होतं. सापडलं तर पदक परत, वर बंदी, दोन वर्षं, चार वर्षं, कोण जाणे... लिहिलंच नाही तर? छे. गेल्याच महिन्यात क्लबातल्या पोरींना मी काय ऐटीत सांगत होते, डोळ्यांत घातलेला थेंबसुद्धा लिहायचा, त्यात घाबरायचं काय! तेव्हा माझं नाक चोंदलेलं नव्हतं.

तिने बाईंना विचारून आईला फोन लावला.

“त्या गोळीचं नाव काय गं?”

“साधी सर्दीची होती. बाकीचे तुकडे कालच कचऱ्यात गेले.” मग बारीक आवाजात, “माझ्यामुळे काही झालं का?”

हो म्हणावं, चांगलं फैलावर घ्यावं, असं फार वाटलं; राग अगदी गळ्याशी आला होता. “पदक मिळालं,” ती म्हणाली. आई आनंदाने रडायला लागली. ते ऐकवेना, म्हणून तिने फोन ठेवला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “काही लिहिणार आहात, की कोरं सोडायचं?”

सर्दीची एक गोळी, नाव माहीत नाही — लिहून झालं. तुकडाही तिने फॉर्मवर ठेवला. कुणी दिली, असा रकाना तिने शोधला, मागची बाजूही पाहिली, नव्हताच. मग गळ्याशी आलेला तो राग हळूहळू खाली उतरायला लागला... जाणार तरी कुठे होता? गोळी गिळली तर मीच होती. भीती मात्र होती तिथेच होती. तिने चौथी बाटली उघडली.