नव्या टर्मिनलचं छत

एकनाथ एअरपोर्ट असा दाखवत होता, जणू त्याच्या बापाचाच! "हे खांब बघ, सुगंधा. आणि वर बघ, वर! या छताच्या पट्ट्या आम्ही बसवल्यात."

सुगंधाने मान दुखेपर्यंत वर पाहिलं. बायकोला सोडायला आलेला माणूस, बोलायला दुसरं काही नव्हतं का त्याला? होतं की. तेच तर टाळत होता.

ती व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे मस्कतला आली होती. इतक्या वर्षांचा संसार, पण सगळा सुट्टीपुरता. आता मुलगी सोनल हॉस्टेलला गेलेली, गावच्या घरात ही एकटी. मस्कतच्या हमरिया भागातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत मात्र बाई अशी रमली, की खिडकीत डब्यात तुळससुद्धा लावली.

"अहो, अर्बाबशी बोला ना. मला इथंच ठेवून घ्या," ती म्हणायची.

अर्बाब, म्हणजे एकनाथच्या कंपनीचा मालक, तसा दिलदार. बायकोला कायमचं आणायला लागणारी पगाराची अटही आता सैल झाली होती. पण एकनाथला सवय लागली होती ती मित्रांची, पत्त्यांची, कधीही आलं तरी कुणी न विचारण्याची. तो म्हणायचा, "इन्शाल्ला."

देवाची इच्छा असेल तर, म्हणजे होणारच, असं समजून सुगंधा हरखली. शेजारी राहणाऱ्या, रत्नागिरीच्या सफूराभाभीला सांगूनही आली. आणि मग एका संध्याकाळी एकनाथ फोनवर कुणाला तरी हसत म्हणाला, "अर्बाब इन्शाल्ला म्हणाला? मग विसर, बाबा. आपल्या कंपनीत इन्शाल्ला म्हणजे काम खलास!"

भाकरी थापता थापता सुगंधाचा हात थांबला. त्या दिवसापासून तिने तो विषयच काढला नाही, आणि या शहाण्याला वाटलं, चला, सुटलो.

"आत गेलीस की अत्तरांची दुकानं लागतील," तो आता सांगत होता. "मस्कती हलवा चाखायलासुद्धा देतात. पुढे सरकता पट्टा आहे, नुसतं उभं राहायचं."

"हो का," सुगंधा म्हणाली. "तुळशीला पाणी घालाल ना? नाहीतर सफूराभाभीला देऊन टाका."

देऊन टाका! एकनाथच्या आता कुठे ध्यानात आलं. ज्या खोलीत संध्याकाळी परतायचं, तिथं आज भाकरीचा वास नसणार होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आत जायची रांग सरकली, तसा तो तिच्या मागे धावला.

"अगं, ऐक. मी बोलतो अर्बाबशी. उद्याच बोलतो, सोनलची शपथ! तू परत ये. येशील ना?"

सुगंधा वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावली असती तर त्याने पाय धरले असते. निघताना माणूस 'येते' म्हणतं, तेवढंही ती म्हणाली नाही. पासपोर्ट पुढे करत शांतपणे म्हणाली,

"इन्शाल्ला."