येतं म्हणून सांगा

सर्वेवाली मॅडम अंगणात येऊन बसली तशी डिझेलतात्या उगाच हात पुसत पुढं आला.

पंचवीस वर्षं आसपासच्या शिवारांतली पाण्याची डिझेल इंजिनं या माणसानं नुसत्या कानानं दुरुस्त केली होती. पण गेल्या दोन वर्षांत एकेका मळ्यात सोलरची काळी पॅनेलं उभी राहिली आणि इंजिनं मुकी झाली. आता राज्य सरकारनं ही बाई धाडली होती. नव्या कामांतलं कोणाला काय येतं, कोणाला काय शिकवायला हवं, ते लिहून न्यायला.

गावानं त्याचा भलताच अर्थ काढला. ज्याला येत नाही त्याचं नाव कामाच्या यादीतून कटणार! सगळे मेकॅनिक घाबरून तात्याकडं जमले, त्याचा धाकटा भाऊही त्यांत होता. तेव्हा तात्यानंच शहाणपण शिकवलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं की 'येतं' म्हणायचं अन् गप बसायचं."

"सोलर पंपाचं काम येतं?" मॅडमनं विचारलं.

"येतं की! न यायला काय झालं?"

"मग दाखवा. शेजारच्या मळ्यातला कालपासून बंद आहे म्हणे."

तात्याची पाचावर धारण बसली. बायको दारातून म्हणाली, "अहो, जमत नसेल तर सरळ सांगा ना!"

"तू गप गं," म्हणत तात्या निघाला.

मळ्यात ऊन मी म्हणत होतं. तात्यानं पंपाचं बटण बंद केलं. इंजिन बंद केलं की ते मेलं, मग खुशाल आत हात घालावा, हे त्याच्या हाताला पंचवीस वर्षांचं वळण. चिखलात अनवाणी उभा राहून त्यानं पॅनेलखालच्या सोललेल्या वायरीकडं हात नेला.

"हात मागे!" मॅडमनं फाईलच त्याच्या मनगटावर हाणली.

"अहो, बटण बंद केलंय की!"

"पंपाचं केलंत. ऊन कोण बंद करणार? ते आहे तोवर ही वायर जिवंत असते, तात्या. जागच्या जागी गेला असतात."

तात्या मटकन बांधावर बसला.

"मला यातलं काही येत नाही," तो म्हणाला. "भ्यालो, म्हणून खोटं बोललो."

मॅडमनं फाईल उघडली. "या भागातले तुम्ही बेचाळिसावे आणि शेवटचे. एकजात सगळ्यांनी 'येतं' सांगितलं. इथं प्रशिक्षणाची गरज नाही, असा अहवाल मी आज वर पाठवणार होते."

तात्या ताडकन उठला. धाकटा सकाळीच पिशवी घेऊन ओढ्यापलीकडचा सोलर दुरुस्त करायला गेला होता. बटण बंद करून हात घालायचं त्यालाही तात्यानंच शिकवलेलं.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग वहाणा तिथंच टाकून तात्या ढेकळांतून पळत सुटला, आणि कुठल्याच मळ्यात कधी न काढलेला शब्द ओरडत सुटला, "येत नाही रं! आपल्याला येत नाही! हात लावू नको!"

मळ्यामळ्यांतली माणसं उठून बघायला लागली. ओढ्यापलीकडं पॅनेलखाली वाकलेल्या धाकट्यानं पक्कड तशीच हातात धरून मान वर केली.

"काय झालं, दादा?"

तात्यानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि रडायलाच लागला. मॅडम धापा टाकत येऊन पोचली, तशी तो तिला म्हणाला,

"लिहा, मॅडम. आम्हा दोघांना येत नाही. बाकीच्या चाळिसांना मी घेऊन येतो."