साचाखात्याची भाषा

"माणूस म्हणजे पंचवीस ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. बाकी सगळा तपशील!" असं हितेंद्रने जाहीर केलं, तेव्हा त्याचे वडील लवू धुरी त्यांतला एक ठिपका, उजवा गुडघा, खोबरेल तेलाने चोळत होते.

"आणि पोटाचो ठिपको?"

"पोटाला नसतो, बाबा. फक्त सांध्यांना."

"मगे ह्या यंत्राक माणूस कळतलो कसो?"

हितेंद्र भिंतीवर कॅमेरा ठोकत होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. हजारो माणसांच्या हालचाली बघून शिकलेलं त्याचं न्यूरल नेटवर्क चेहरा बघत नसे. रेघांच्या सांगाड्यावरून माणूस काय करतोय ते ओळखी आणि हितेंद्रच्या मोबाइलवर कळवी. करार साधा होता. लवूंनी करी रोडच्या खोलीत एकटं राहावं. पण एकदा जरी पडले, तर गाशा गुंडाळून मुला-सुनेकडे घोडबंदरला यावं. लवूंच्या लेखी घोडबंदर म्हणजे काळं पाणी. तिथे खिडकीतून नुसती झाडं दिसतात, असं ते कुणी आजारी असल्यासारखं सांगत.

पहिल्याच दिवशी मोबाइल ओरडला, 'पडले!' हितेंद्र टॅक्सी करून धावत आला. लवू जमिनीवर उकिडवे बसून बांगडे साफ करत होते. यंत्राच्या हजारो माणसांत बांगडे साफ करणारं कुणीच नव्हतं. हितेंद्रने यंत्राला बांगडे शिकवले, त्यातले चार खाल्ले आणि गेला.

दुसऱ्या आठवड्यात 'मारामारी, खात्री ब्याण्णव टक्के.' या वेळी सून रुपालीही आली. घरात लवू एकटेच. खिडकीत उभे राहून हवेत हात फेकत होते. समोरच्या चाळीच्या गॅलरीत कुशाबाही तसेच हात फेकत होते.

"बाबा, भांडताय कशाला?"

"भांडतंय खंय? कुशाबा विचारता, सुक्या सोड्यांत वांगी घालू की बटाटे."

लवू आणि कुशाबा या दोघांनी तीस वर्षं एकाच गिरणीच्या साचाखात्यात काढली होती. शेकडो माग एकदम चालत. तिथे बोंब मारली तरी आपली आपल्याला ऐकू येत नसे. म्हणून सगळं बोलणं हातांनी. पुढे गिरणी बंद पडली, तिच्या जागी टॉवर आला, आवाज थांबला. हात कुणी थांबवायचे?

हितेंद्र हरखला. दोन दिवस वडिलांना कॅमेऱ्यापुढे उभं करून त्याने यंत्राला चाळीस खुणा शिकवल्या. लवूही मास्तरकीच्या तोऱ्यात आले. "पोरगो हुशार आसा," ते म्हणाले. यंत्राबद्दल.

रविवारी प्रयोग झाला. कुशाबांनी समोरून काहीतरी विचारलं, लवूंनी सवयीने उत्तर दिलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'सोमवारचं. मोरीतलं. पडणं. मुलगा. सांगू नको.'

मोरीत कॅमेरा नव्हता.

"चुकीचा वाचता तो," लवू हळूच म्हणाले. "ती एकेचाळिसावी खूण."

"खात्री सत्त्याण्णव टक्के. बाबा, बॅग भरा."

लवूंनी खाटेखालची ट्रंक ओढली. रुपालीने ती पायाने अडवली.

"तुम्हाला उचललं कुणी?"

"कुशाबान. खिडकेत दिसलंय नाय म्हणान बघूक इलो. चावी त्येच्याकडेच आसता."

"किती वेळाने?"

"धा मिनटां."

रुपाली नवऱ्याकडे वळली. "दहा मिनिटं. तुझ्या यंत्राला सहा दिवस लागले. आणि घोडबंदरला आपण दोघं ऑफिसात. तिथे काय झाडं येणार उचलायला?"

हितेंद्र पंचवीसच्या पंचवीस ठिपके खाली टाकून बसला. पण शास्त्रज्ञ फार वेळ बसत नाही. तो उठून खिडकीत गेला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "ठीक आहे, राहा इथेच! मोरीत धरायला दांडा बसवू. पण ही भाषा मी जगापुढे मांडणार, बाबा! परिषदेत! उद्या यंत्रं गिरणगावाच्या हातांकडून शिकतील—"

"मांड रे," लवू म्हणाले. "फक्त जरा बाजूक सर. कुशाबा दिसणा नाय."