पोटातला फोटो

मी एक फोटोफ्रेम बोलतेय. जरा हळूच बोलते, तेव्हा तुम्हीच थोडं पुढे सरका. हल्ली मला स्वतःच्याच आवाजाची धास्ती वाटते. दारावरची बेल वाजली की माझी काच थरथरते, आणि दारात बघावं तर पाण्याची बाटली आणणारा माणूस उभा असतो. घरातले मला हसले असते, पण तेही तेवढेच दचकलेले असतात.

खरं तर भिण्याचं आमचं कुळ नाही. मनामाच्या जुन्या बाजारात, एका बोळात गणपत तोरस्करांचं फ्रेमचं दुकान आहे, तिथला माझा जन्म. गणपत राजापूरकडचे, बहारीनला येऊन त्यांना तीस वर्षं झाली. त्यांच्याकडे कुराणाच्या आयती येतात, लग्नाचे फोटो येतात, पोरांची सर्टिफिकिटं येतात. सगळ्यांना ते सारख्याच निगुतीने काचेआड बसवतात. माझ्या बहिणी कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या ऑफिसात दिमाखात जाऊन बसल्या. आमचा जन्म मुळी मिरवण्यासाठीच. माझ्याच नशिबी लपवणं आलं, ते कसं ते सांगते.

एके दिवशी नर्सच्या ड्रेसमधली एक मुलगी दुकानात आली. तिने दोन फोटो काउंटरवर ठेवले. एक मोठा, चकचकीत, दवाखान्यातल्या नर्सेस मिळून केक कापतायत असा. दुसरा पोस्टकार्डाएवढा, जुना, कडा झिजलेला, एक कोपरा दुमडून दुमडून पांढरा पडलेला. मोठा पुढे लावा, छोटा त्याच्या मागे, आणि मागे काही आहे हे बाहेरून कळता कामा नये, असं तिने हिंदीत सांगितलं. गणपतनी छोटा फोटो उलटा करूनच हातात घेतला.

“अंदर क्या है, मैं पूछता नहीं,” ते म्हणाले.

काम होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पाठीला शेवटचा खिळा मारताना गणपत तिला कळू नये म्हणून मराठीत पुटपुटले, “सांभाळ गो बाय. पोरीचा जीव तुझ्यात अडकलाय.” माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. म्हणून माझी भाषा मराठी.

मुलीचं नाव डोल्कर. जन्म तिबेटमधला, वाढली कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीत, नर्सिंग केलं बेळगावला आणि नोकरीला आली इथे. हे सगळं मला माझ्या पोटातल्या फोटोने सांगितलं. अंगाला अंग लावून राहायचं म्हटल्यावर बोलणं आलंच. फोटो होता तिबेटी लोकांच्या गुरूंचा, दलाई लामांचा. तिबेटात हा चेहरा घरात सापडला तर पोलीस माणसाला उचलून नेतात. डोल्करच्या आईला, आमाला, फोटो घरात ठेवायची भीती वाटे आणि जाळायला हात धजत नसे. सात वर्षांच्या डोल्करला मामाबरोबर बर्फातून डोंगरापलीकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा आमाने तो तिच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. लेक आणि फोटो एकाच दिवशी घराबाहेर गेले. त्याला चोवीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून आमाने दोघांनाही जवळून बघितलेलं नाही.

इथे, मनामाच्या माहूज भागात, डोल्कर एका मराठी कुटुंबात खोली घेऊन राहते. भक्ती तिच्याच दवाखान्यात लॅबमध्ये आहे, गुहागरची. तिचा नवरा विनीत अकाउंटंट, स्वभावाने शांत. भक्तीचं घर म्हणजे मोकळा कारभार, एका डब्याला झाकण सापडेल तर शपथ, पण माया भरपूर. दोघी हिंदीत बोलतात, मी आपलं मराठीत सांगते.

मला डोल्करने आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं. लोक यायचे, नर्सेसचा फोटो बघून म्हणायचे, अरे वा, केक मोठा होता. मी श्वास रोखून उभी असायचे. इथे कुणीही झडती घ्यायला येणार नव्हतं हे मलाही कळत होतं. पण डोल्करने दिवसातून दोनदा माझी पाठ चाचपून बघायची, मग मी कशी निर्धास्त राहणार?

बुधवारी मात्र ती वेगळीच असायची. शिफ्ट संपवून आली की लांब झग्यासारखा आपला चुपा घालायची, भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून खायची आणि त्या दिवशी स्वतःशीसुद्धा तिबेटीतच बोलायची. तिकडचे कितीतरी लोक बुधवार असाच पाळतात. सुरुवातीला भक्तीला वाटलं, आपली संकष्टी तसा हिचा बुधवार. डोल्करने तिला सांगितलं, हा उपास नाही, ही आमची लढाई आहे. आपलं खायचं, आपलं नेसायचं, आपली भाषा बोलायची आणि कुणावर हात उचलायचा नाही. भक्ती म्हणाली, “खाऊन लढायचं असेल तर आम्ही कोकणातले सगळेच शूर.” डोल्करला त्याचं हसू आवरेना.

दर बुधवारी दुपारी चारला ती तिबेटात घरी फोन लावायची. तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ. फोन मोठ्या भावाचा, थुप्तेनचा, आमा त्याच्यापाशीच राहायची. बोलणं काय, तर याकला वासरू झालं, गुडघा दुखतो, लोणी महागलं. मधेच काही निसटलं की विषय बदलायचे. ऐकणारे फक्त आपणच नाही हे दोन्हीकडे ठाऊक होतं. 

यंदाच्या गणपतीत सगळं बिनसलं.

भक्तीने साफसफाई काढली. माझ्यावरची धूळ पुसताना मी तिच्या हातून निसटले, पाठीचे दोन खिळे उडाले आणि पोटातला फोटो फरशीवर आला. मी मेल्याहून मेले. भक्तीने उचलला, पदराने पुसला, कपाळाला लावला. डोल्कर धावत आली, तिने सगळी हकीकत सांगितली. भक्तीचे डोळे भरले. पण ऐकेल तर ती भक्ती कसली.

“देवासारखा माणूस आणि केकच्या पाठीमागे कोंडून ठेवलायस? इथे कोण बघतंय? आमच्या बाप्पाशेजारी बसू देत पाच दिवस.”

डोल्कर नको नको म्हणाली, पण तिचा चेहरा मी बघत होते. सात वर्षांची असल्यापासून तिने तो फोटो कधी उजेडात मांडला नव्हता. तिनेच मग नर्सेसना मागे घातलं आणि गुरूंना पुढे आणलं. गणपतीच्या डाव्या हाताला मला जागा मिळाली. समोर समई, वर दिव्यांची माळ. आयुष्यात पहिल्यांदा मी फ्रेमसारखी फ्रेम झाले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. भीतीसुद्धा दीड दिवस विसरले.

दुसऱ्या दिवशी डोल्कर स्वयंपाकघरात मोदक वळायला शिकत होती, हात उकडीने माखलेले. भक्तीचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिने डोल्करच्याच फोनने सजावटीचा फोटो काढला. आता मराठी माणसाने गणपतीचा फोटो काढायचा आणि कुणाला पाठवायचा नाही, असं कधी झालंय का? तिने स्वतःला पाठवला, दवाखान्याच्या ग्रुपवर टाकला आणि समोर थुप्तेनचं नाव दिसलं तशी त्यालाही पाठवून दिला. वर ओरडून सांगितलं, “डोल्कर, तुझ्या आईलाही दर्शन पाठवलं गं.”

मोदक खाली पडला. डोल्कर त्याच हातांनी आली, फोनला उकड लागली, तिने पाठवलेला फोटो पुसून टाकला. थुप्तेनने तो उघडलेला दिसत नव्हता. जेमतेम दोन मिनिटं गेली होती. विनीत म्हणाला, दोन मिनिटांत काय होतंय, इंशाल्ला काही होणार नाही. संध्याकाळी आरती झाली, पण डोल्करच्या हातातले टाळ एकदाही वाजले नाहीत.

त्या बुधवारी फोन लागला नाही.

पुढच्याही बुधवारी लागला नाही. डोल्करने गुरूंना परत माझ्या पोटात घातलं आणि मला कपाटात कपड्यांखाली ठेवलं. अंधारात मला फक्त आवाज ऐकू यायचे. तिचं फिरणं ऐकू यायचं. भक्ती दाराशी येऊन उभी राहायची तेही कळायचं. एकदा ती म्हणाली, “मी मुद्दाम नाही गं केलं. आम्ही सगळ्यांनाच पाठवतो.” डोल्कर म्हणाली, ठाऊक आहे दीदी. भक्ती रडत होती आणि डोल्कर तिची समजूत घालत होती, मला ते ऐकवेना.

विनीतने विचारलं, कुठे तक्रार करता येईल का, कुठल्या वकिलातीत? डोल्करने त्याला समजावलं, जिथे माझी माणसं आहेत तिथली वकिलात म्हणजे ज्यांनी नेलं असेल त्यांचीच. तिथे जाऊन नाव सांगितलं तर उरलेल्यांनाही नेतील.  मी कपड्यांखाली पडल्या पडल्या एकच विचार करत होते. दीड दिवस मी मिरवले, त्याची किंमत तिकडे कोण मोजतंय?

तिसऱ्या बुधवारी चारच्या सुमाराला फोन वाजला. डोल्कर नुकतीच शिफ्टवरून आली होती. कपाटाचं दार तिने कपडे काढायला उघडलेलं होतं, माझ्यावरचे कपडे जरा सरकले होते, म्हणून मला दिसलं. पडद्यावर थुप्तेन होता. डोक्यावरचे केस कुणीतरी वेडेवाकडे भादरलेले. डावा हात तो पडद्यात येऊ देत नव्हता.

त्याने थोडक्यात सांगितलं. ठाण्यात बोलावून नऊ दिवस ठेवलं. पहिल्यापासून एकच प्रश्न, फोटो कुणी पाठवला. तो तर वर कुरणात जनावरांपाशी होता, तिथे रेंज नाही, त्याने काहीच उघडलं नव्हतं. कुठला फोटो, असं विचारलं की ते म्हणत, तूच सांग कुठला. शेवटी कागदावर सही घेतली, बाहेरच्या कुणाशीही बोलणार नाही म्हणून, आणि फोन परत दिला. हा फोन शेवटचा, आमाला तुझ्याशी बोलायचंय, एवढं म्हणून त्याने फोन तिच्याकडे दिला.

आमा मला वाटली होती त्याहून लहानखुरी होती. तिबेटी मला फोटोने शिकवली होती, म्हणून पुढचं सगळं मला कळलं.

“कुठला फोटो होता?” आमाने विचारलं.  “मी कोटात शिवला होता, तो?”

डोल्करने मानेनेच हो म्हटलं.

“दुमडलेला कोपरा फाटला तर नाही?”

“नाही आमा. आहे तसाच आहे.”

“मग दाखव.”

डोल्कर नाही म्हणाली. पुन्हा येतील, थुप्तेनला पुन्हा नेतील, आमा मी पाया पडते, हे मागू नकोस. ती रडत रडत हेच म्हणत राहिली. आणि मी? मीही कपड्यांखालून हेच म्हणत होते, दाखवू नको गं बाई, मला बाहेर काढू नको. भ्याड म्हणायचं तर म्हणा.

तेवढ्यात थुप्तेनचा चेहरा आमाच्या खांद्यावरून पुढे आला. “नऊ दिवस ज्याच्यापायी बसलो, तो मी अजून पाहिलेला नाही. दाखव, डोल्कर. आपण कुणाला दगड मारला नाही, कुणाचं काही जाळलं नाही. नुसतं बघायचंच आहे.”

भक्ती खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. ती बाहेर गेली आणि बाहेरच्या दाराला कडी घालून आली. कडीने काय होणार होतं कुणास ठाऊक.

डोल्करने मला बाहेर काढलं. पाठीचे खिळे तिने नखांनी उचकटले, एक नख तुटलं. गुरूंना पुढे घेतलं आणि मला दोन्ही हातांनी फोनसमोर धरलं. आमाचा चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला आणि एकदम पडदा काळा झाला.

मला वाटलं, तोडला फोन. आले ते लोक.  मग त्या काळ्या पडद्यातून आमाचा पुटपुटण्याचा आवाज यायला लागला. तिने कपाळ फोनला टेकवलं होतं.

ती किती वेळ तशी होती, मला सांगता येणार नाही. मग थुप्तेनने कपाळ टेकवलं. मग फोन बंद झाला.

त्याला आज सात बुधवार झाले. डोल्कर अजून चुपा घालते, पीठ कालवते, चार वाजता फोन समोर ठेवून बसते, पण लावत नाही. गुरूंना तिने परत मागे घातलेलं नाही. भक्तीनेही मला देवघरातच ठेवून घेतलंय, आता मात्र ती कुणापाशी माझं नावही काढत नाही की बघा बघा म्हणून कुणाला बोलावत नाही. माझी भीती गेली, असं मात्र समजू नका. ती आता रोजची झालीये.

तुम्ही कधी माहूजला आलात, भक्तीकडे चहाला बसलात, तर देवघराशी जरूर या. हात जोडा किंवा नका जोडू, मी काही म्हणणार नाही. फक्त एवढं करा, खिशातला फोन खिशातच राहू द्या. थुप्तेन घरी आहे की पुन्हा नेलाय, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.